माझी हरकत आहे

डोंबिवली (पूर्व),
३ फेब्रुवारी २०२६

ती. उत्तराआत्यास,
साकेतचा शि. सा. न. वि. वि.

तुझी अट मला पाठ आहे: महत्त्वाचं असेल ते फोनवर नाही, कागदावर. फोनवर मी सगळ्यांना बरं बरं म्हणतो, हे तू कधीच ओळखलंस. तेव्हा हे पत्र दोनदा लिहून, तिसऱ्यांदा शुद्ध करून पाठवतोय. तरी एखादा ऱ्हस्व-दीर्घ राहिला असेल तर लाल पेन्सिल चालव. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलीस, भाच्याला सूट नको.

विषय असा. महिपतकाकांच्या इंटरनेटच्या धंद्यात, जिथं मी चार वर्षं काम करतोय, दोन हजार तीनशे घरांची कनेक्शनं आहेत. त्या सगळ्यांची नावं-पासवर्ड तपासून त्यांना वाट मोकळी करून देणारा एक सर्व्हर आहे. त्यावरची ऑपरेटिंग सिस्टीम जुनी झाली. तिला दुरुस्त्या मिळणं २०२४च्या जूनमध्येच बंद झालं. म्हणजे चोराला नवी युक्ती सापडली तर आमच्या दाराला नवी कडी नाही. नवी सिस्टीम घालायची हे सगळ्यांना मान्य आहे. भांडण आहे ते कोणती घालायची याचं.

प्रशांत सर म्हणून आमचे सल्लागार आहेत, इंजिनिअर, महिन्यातून दोनदा येतात. त्यांनी निवडलेली आवृत्ती गेल्या ऑक्टोबरची, नवीकोरी. पण तिला दुरुस्त्या फक्त नऊ महिने, म्हणजे येत्या जुलैपर्यंत. मग तिच्यापुढची, मग तिच्यापुढची, आणि दर वेळी ते येऊन बदलून देणार. मी म्हणतो डेबियन घालू. जगभरची माणसं ती हौसेनं सांभाळतात, आणि तिच्या आत्ताच्या आवृत्तीला २०३०पर्यंत दुरुस्त्या आहेत. तिची तक्रार एवढीच, की ती नवं काही लवकर घेत नाही. मला तोच तिचा गुण वाटतो. अखंड चालायच्या यंत्राला नवलाई कशाला?

तर मी काकांना डेबियनच्या माहितीचं पान पाठवलं. त्यांनी ते मोबाइलवर मराठीत करून घेतलं. त्या आवृत्तीला ‘स्टेबल’ म्हणतात, म्हणजे स्थिर. त्याच इंग्रजी शब्दाचा दुसरा अर्थ धरून मोबाइलनं केलं ‘तबेला’. झालं! सगळ्यांसमोर काका म्हणाले, की अरे, माझ्या बापानं विठ्ठलवाडीचा तबेला विकला, म्हशी विकल्या, तेव्हा हा धंदा उभा राहिला, आणि तू मला परत तबेल्यात नेतोस होय रे? प्रशांत सर हसून हसून खुर्चीतून सरकले. तेव्हापासून ऑफिसात जो तो मला आज दूध किती निघालं म्हणून विचारतो.

हसण्यावर गेलं असतं तर मी लिहिलं नसतं. काल काकांनी माझ्यापुढे एक छापील कागद ठेवला. सल्लागारांनी निवडलेली सिस्टीम बसवण्यास माझी हरकत नाही, असं त्यावर आहे, आणि खाली सर्व्हर सांभाळणाऱ्याची, म्हणजे माझी, सही हवी. मुदत वीस तारखेची. नाही केली तर काका दुसरा माणूस बघणार. डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडलेल्या मुलाला दुसरीकडे कोण घेणार, हे काका बोलले नाहीत. प्रशांत सर बोलले.

मी सही करणार नाही. फोनवर बरं बरं म्हणणारा मीच, म्हणून पुन्हा लिहितो. मी सही करणार नाही.

दादांना अजून सांगितलेलं नाही. तुझा लोभ आहेच. हे वाचून झाल्यावरही तो तेवढाच राहू दे.

तुझा,
साकेत

*

माजिवडा, ठाणे,
८ फेब्रुवारी २०२६

चि. साकेत यास,
उत्तराआत्याचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. चूक शोधून सापडली नाही, त्यामुळे माझी सकाळ वाया गेली. तबेल्याचं वाचून मी एकटीच इतकी हसले, की शेजारची ऋजुता काय झालं म्हणून बघायला आली. तिलाही वाचून दाखवलं, रागावू नकोस. मला मेलीला त्या विकलेल्या म्हशींचंच वाईट वाटलं.

आता रागवायचं ते रागवते. सही करून टाक. तुझी ती डेबियन काय आणि त्यांची ती नवीकोरी काय, मला दोन्ही सारख्याच. पण घर मला समजतं. बाप तुझा, आमचा दादा, पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. तू शाळेत असल्यापासून प्रत्येक गोष्ट चार वेळा तपासतोस आणि पाचव्यांदा घाबरतोस. या घाबरण्याला चार वर्षं एका जागी टिकलेली नोकरी मिळालीय, ती दोन शब्दांसाठी घालवू नकोस. मालकाला हवं ते मालकानं करावं. जुलैत बिघडलं तर बिघडेल, प्रशांत सर निस्तरतील. तुझं काय जातं?

गुडघा बरा आहे. डॉक्टर जिने चढू नका म्हणाले, आणि लिफ्ट बंद आहे.

दादाला मी काही कळू देत नाही. सही केल्याचं कळव. माया कमी होत नाही, पण काळजी वाढवू नकोस.

तुझी,
आत्या

*

डोंबिवली (पूर्व),
१३ फेब्रुवारी २०२६

ती. आत्यास,
साकेतचा शि. सा. न. वि. वि.

सही केलेली नाही. उलट माझ्याच हातून एक मोठी चूक झालीय, आणि ती दुसऱ्या कुणाकडून तुझ्या कानावर येण्याआधी मीच लिहितो.

आमच्या गिऱ्हाइकांना पासवर्ड बदलता येतो असं एक पान आहे. ते चालवणाऱ्या फायलीत, गिऱ्हाईक कुठल्या पानावरून आलं हे सांगणारा ‘रेफरर’ हा इंग्रजी शब्द आहे. त्यात मधे दोन आर हवेत. फायलीत एकच होता. माझ्या आधीच्या माणसाची ती चूक असणार, असं समजून मी मंगळवारी सकाळी तिथं दुसरा आर घातला. तूच सांग, चुकीचा शब्द समोर दिसत असताना तुझ्याच्यानं राहवलं असतं का?

पान बंद पडलं. जो येईल त्याला ते हाकलून द्यायला लागलं. चाळीस मिनिटं फोन खणखणत होते, आणि मी काय बिघडलं ते शोधत होतो. माझ्या दुरुस्तीनंच बिघडलंय हे डोक्यातच येईना. मग कळलं, की तो शब्द तीसेक वर्षांपूर्वी इंटरनेटचे नियम लिहिताना कुणाकडून तरी चुकीचा लिहिला गेला आणि तसाच राहिला. सगळं जग तो एकाच आरनं लिहितं. सगळी यंत्रं तो तसाच ओळखतात. बरोबर लिहिणारा मी एकटा.

मी स्वतः काकांना जाऊन सांगितलं. प्रशांत सर फोनवर होते. ते म्हणाले, की पोरगं स्पेलिंग शिकलंय, पण इंजिनिअरिंग नाही. अशाकडून सल्ले घेणार का तुम्ही? काका म्हणाले, की बघितलंस ना? आता मुकाट सही कर आणि विषय संपव.

आत्या, हे दोन दिवस मी याचाच विचार केला असता तर घाबरून सही केलीही असती. पण झालं उलट. चालतंय त्याला नीट समजून न घेता हात लावला की काय होतं, हे मी चाळीस मिनिटं सोसलं. आणि हे तर दर सहा महिन्यांनी अख्ख्या सर्व्हरला हात लावायचं म्हणतात. मी एक अक्षर बदललं होतं. ते हजारो बदलणार. माझ्या चुकीनं माझं म्हणणं खोटं पडत नाही, ते मला आता जास्त पटलंय.

माझं काय जातं, असं तू विचारलंस. त्या सर्व्हरवरून आमच्याच चाळीतल्या निकोलची आई रोज संध्याकाळी मस्कतला असलेल्या नवऱ्याशी बोलते. बंद पडलं की ती प्रशांत सरांकडे जात नाही, आमचं दार वाजवते. माझं हे जातं.

रागावली असलीस तरी उत्तर लिही. लोभाबद्दल या वेळी काही मागत नाही, तो गृहीत धरतो.

तुझा,
साकेत

*

माजिवडा, ठाणे,
१७ फेब्रुवारी २०२६

चि. साकेत यास,
आत्याचे अ. उ. आ.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. तो दुसरा आर मीही घातला असता. नक्की घातला असता.

एक गोष्ट दादालाही माहीत नाही, ती तुला सांगते. आमच्या छापखान्यात शेवटच्या मुद्रितावर तपासनीस ‘छापण्यास हरकत नाही’ असं लिहून सही करायचा, मगच यंत्र फिरायचं. एका वर्षी दिनदर्शिकेचं काम होतं. एका महिन्यातली संकष्टी एक दिवस पुढच्या चौकटीत पडली होती. मला दिसली. मालक डोक्यावर उभे होते, म्हणत होते की उत्तराबाई, कागद यंत्रावर चढलाय, आता कशाला कीस काढता? मी सही केली. त्या महिन्यात किती बायकांनी भलत्याच दिवशी उपास केला, कोण जाणे. चंद्र काही वेळेवर उगवेना, म्हणून त्या गच्चीवर ताटकळल्या असतील. लोक चिडले तेव्हा मालकांनी तोच कागद काढला आणि सगळ्यांना माझी सही दाखवली.

नोकरी गेली नाही. त्यानंतर बावीस वर्षं केली. पण त्या दोन शब्दांखाली सही करताना दर वेळी माझा हात अडायचा.

मागच्या पत्रात मी लिहिलं ते मागे घेते. सही करू नकोस. ते कागद पुढे करतील तेव्हा फोनवरच्यासारखं बरं बरं म्हणू नकोस, एवढंच बघ. नोकरी गेली तर इकडे ये. लिफ्ट सुरू झालीय.

तुझी,
आत्या

*

डोंबिवली (पूर्व),
२३ फेब्रुवारी २०२६

ती. आत्यास,
साकेतचा शि. सा. न. वि. वि.

वीस तारखेला सकाळी अकराला काका, प्रशांत सर आणि मी असे बसलो. मी बरं म्हणालो नाही. कागद ओढला, ‘नाही’वर पट्टी धरून सरळ रेघ मारली, वर ‘आहे’ लिहिलं आणि खाली पूर्ण नाव घातलं: साकेत दिगंबर वैशंपायन. माझी हरकत आहे.

प्रशांत सर म्हणाले, की हा काय फाजीलपणा? काकांनी कागद उचलून वाचला. मग मला म्हणाले, की परवा पान बंद पाडणारा तूच ना? मी म्हणालो, हो, मीच, आणि पुन्हा असं झालं तर तेव्हाही मीच येऊन सांगेन. जुलैत दुरुस्त्या थांबल्यावर काही झालं तर तुम्हाला कोण येऊन सांगणार, ते तेवढं सरांकडून लिहून घ्या.

आवाज चढला होता, आत्या. माझा.

काकांनी खरंच कोरा कागद सरांपुढे सरकवला. सर म्हणाले, की करारात असं काही बसत नाही, सल्ला देणं एवढंच त्यांचं काम. काकांनी दोन वेळा विचारलं. दोन्ही वेळा करार आडवा आला. मग तो कागद माझ्याकडे आला. डेबियन बसवायला माझी हरकत नाही आणि तिची जबाबदारी माझी, असं मी लिहिलं. नाव, सही, मोबाइल नंबर. काका म्हणाले, की आता बंद पडलं तर मी तुला सोडणार नाही. मी म्हणालो, सोडू नका.

प्रशांत सरांनी आमचं काम सोडलं. जाताना म्हणाले, की महिन्याभरात बोलवाल. बोलावणारही असतील, मला माहीत नाही. आता अडलं तर विचारायला माझ्यावर कुणी नाही, याची भीती आहेच. काल रविवारी पहाटे मी नवीन सर्व्हर चालू केला. प्रत्येक ओळ चार वेळा तपासली. पाचव्यांदा घाबरलो, पण हात थांबवला नाही.

आज दुपारी बारापर्यंत दोन हजार तीनशे घरांतली बहुतेक सगळी त्यावरून आत शिरली. एकाचाही फोन आला नाही. संध्याकाळी निकोलची आई जिन्यात भेटली. मी आपणहून विचारलं, की आज नेट कसं आहे? ती म्हणाली, की कसं म्हणजे? रोजच्यासारखंच आहे की रे, का, काय झालं?

मी म्हणालो, काही नाही झालं.

दादांना आज रात्री सांगतो. तुझा लोभ असाच राहो, आणि लाल पेन्सिलही.

तुझा,
साकेत