पानं उलटणारीचा आवाज

१२ मार्च

ती. ताईस सा. न. (हात जोडलेत, पण कपाळावर आठ्या आहेत.)

आज दुकानात चष्म्याच्या काचा पुसताना आपल्या कॉन्व्हेंटचा हॉल आठवला. शाळा सुटलेली, तू पियानोवर, मी तुझ्या खांद्याशी पानं उलटायला उभी. तू हनुवटी हलवलीस की मी पान उलटायचं. एकदा माझ्याकडून दोन पानं एकदम उलटली. तू थांबली नाहीस, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. पाठ होतं तेच गात-वाजवत राहिलीस. संगीताच्या सिस्टरनी टाळ्या वाजवल्या, अर्थात तुझ्यासाठी. तुझ्या सुराखाली गायची एक दुसरी चाल त्यांनी मला दिली होती, आणि मी ती इमानेइतबारे धरून उभी असायचे. ती कुणाला ऐकू जायची की नाही, देव जाणे.

आता आठ्यांचं कारण. आमच्या भिंगरीने काल सकाळी चहाच्या टेबलावर जाहीर केलं की तिला संगीत नाटकाची पदवी घ्यायची आहे. गाणं, अभिनय, नाच, तिन्ही एकत्र, तीन वर्षं, आणि तेही तुझ्या शहरातल्या विद्यापीठात. यांनी विचारलं, नाचगाण्याचीही पदवी असते का? तिने माहितीपत्रकच पुढे ठेवलं. यांनी ते दुकानातलं भिंग लावून वाचलं आणि म्हणाले, नेत्रतपासणीच्या अभ्यासापेक्षा हे अवघड दिसतंय. मी म्हटलं, इथल्या कॉलेजात घरी राहून नुसतं संगीत शीक की. तर म्हणे, मावशीला विचारून झालंय, मावशीची खोलीही ठरली आहे.

ताई, मावशीला आधी आणि आईला नंतर! ही स्वयंपाकघरात गुणगुणत असते, मी आत गेले की गप्प होते. तुला मात्र फोनवर अख्खं गाणं ऐकवते. मी आड येणार नाही. पण तिने स्वतःसाठी जावं, तुझं राहून गेलेलं पुरं करायला नव्हे. आणि एक कर, ती अगदी तुझ्यावर गेली आहे हे तिला सारखं सांगू नकोस. नऊ महिने मी पोटात वागवलंय.

फोनवर आपण भांडतो म्हणून लिहिलं. लोभ तर तुझा आहेच, त्यातला थोडा माझ्याही वाट्याला येऊ दे.

तुझी,
धाकटी


२० मार्च

चि. धाकटीस अ. उ. आ., आठ्यांसकट.

सरळ म्हण ना, हेवा वाटतो. मला तर तुझा रोजच वाटतो. तुझ्या घरात दार आपटून जाणारं कुणीतरी आहे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली दार इतक्या हळू लावतात की त्या गेल्याचंही कळत नाही.

तिने मला आधी सांगितलं, कारण माझ्या नकाराने तिचं काही अडणार नव्हतं. तुझ्या नकाराला ती घाबरते. हे तुला सुख वाटायला हवं, पण तू लहानपणापासून सुखाकडे संशयानेच बघतेस.

आणि ती माझ्यावर गेली आहे हे मी सांगायचं कशाला? ऐकणाऱ्याला कान आहेत. प्रवेशपरीक्षेत परीक्षकांपुढे गायला तिने आपलंच शाळेचं गाणं निवडलंय, ठाऊक आहे ना? त्याची साथ मी वाजवून फोनवर पाठवली आहे. बक्षीस समारंभात मी गायले होते त्याच पट्टीत. तिला ती पट्टी चपखल बसेल. माझाच गळा आहे तो. मला त्या वयात कुठे शिकायचंय हे कुणी विचारलंच नव्हतं. तिला विचारताहेत, तर तुम्ही दोघं भिंग घेऊन बसू नका.

मागच्या खोलीतले स्वरलिपीचे गठ्ठे हलवले. पलंगावर नवी चादर घातली. खालच्या शिंपीणबाईंना सांगूनही टाकलं की माझी भाची राहायला येतेय. त्यांनी विचारलं, भाची की शिष्या? मी म्हटलं, दोन्ही.

रागावलीस तरी पत्र लिही. राग पोस्टात थोडा थंड होतो.

तुझी,
ताई


९ एप्रिल

ती. ताईस सा. न.

परीक्षा झाली. विद्यापीठाचे परीक्षक आमच्या गावातल्याच नाट्यगृहात आले होते. बाहेरच्या बोळात मुलामुलींची रांग. कुणी भिंतीला पाय लावून ताणतंय, कुणी कोपऱ्याकडे तोंड करून आ-आ करतंय. भिंगरी तेवढी शांत. शांत म्हणजे तीनदा माझ्या पर्समधून पाणी काढून प्यायली.

ती आत गेली. दार नीट लागलं नव्हतं, मी फटीशी उभी राहिले. तुझी साथ सुरू झाली. अजून डावा हात जड पडतो तुझा. दुसऱ्या ओळीत तिचा गळा ताणला आणि वरच्या सुरावर चिरकला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच.

ताई, खरं लिहिते. क्षणभर मला बरं वाटलं. वाटलं, बघ, तुझा गळा नाही तिचा. आणि लगेच तिचा चेहरा दिसला. मग स्वतःच्या तोंडात मारून घ्यावीशी वाटली.

तिने साथ बंद करायला सांगितली. म्हणाली, आमच्या घरी म्हणतात तसं म्हणू का? आणि तिने गाणं खालून उचललं. मी आधी ओळखलंच नाही. ती तुझी चाल नव्हतीच. मी तुझ्या खांद्याशी उभी राहून धरायचे ती होती. भांडी घासताना, काचा पुसताना मी तीच गुणगुणत असणार. माझं मला कधी कळलं नाही. आणि तिने ती नुसती धरली नाही, सगळं गाणं तिच्यावर तोललं. चालताना पाऊल टाकलं, वळली, शेवटच्या ओळीला चक्क खाली बसली. परीक्षक बाईंनी विचारलं, ही चाल कुणी शिकवली? ही म्हणाली, शिकवली नाही कुणी, आई अशीच गाते.

घरी मी आत गेले की ती गप्प का होते, तेही कळलं. ती माझंच गुणगुणणं ऐकून उचलतेय हे मला कळलं, तर मी गुणगुणायची थांबेन, याची तिला भीती.

तिला प्रवेश मिळाला. पदवी तीच, तुझ्या शहरातलीच. आता मीच म्हणते, जा. पण तिला वसतिगृहात राहायचंय. म्हणते, मावशीकडे राहिले तर मी मावशीसारखीच गाईन. हे तुला सांगायची तिची हिंमत नाही, म्हणून माझ्यावर ढकललंय. तू चादर घातलीस हे मी विसरलेले नाही.

लोभ कमी झाला असेल तर तसं कळव, मी इकडून पाठवते.

तुझी,
धाकटी


१८ एप्रिल

चि. धाकटीस अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून पियानोचं झाकण लावून ठेवलं. शिकायला आलेल्या मुलींना घसा बसल्याचं सांगून परत पाठवलं. गाण्याच्या मास्तरणीला ही सबब बरी असते. खरं म्हणजे जळफळाट झाला. हेवा भाचीचा नाही, तुझा. तुला पोर मिळाली ते मी केव्हाच सोसलं होतं. पण गळाही तुझाच?

मग झाकण उघडलं आणि ते गाणं वाजवलं. वरची चाल बिनचूक आली. खालची आठवून बघितली, एक ओळही आली नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं, तू तिथे पानं उलटायला उभी असायचीस. मी माझंच ऐकत होते गं. तुझं ऐकलं ते भिंगरीने, स्वयंपाकघराच्या दाराआडून.

काल वसतिगृह बघून आले. खोलीला खिडकी आहे, शेजारीच नाचाच्या सरावाचा आरशांचा हॉल. तिथेच राहू दे तिला. रविवारी आली तर येईल. चादर राहू दे पलंगावर, तू येशील तेव्हा होईल.

शिंपीणबाईंना सांगितलं की नुसतीच भाची आहे. त्या म्हणाल्या, ते काही कमी नाही.

आता ते गाणं एकदा पुरं ऐकायचंय. तू आणि ती गा. मी मध्ये गाणार नाही. प्रयत्न करीन.

रुसले आहे, पण तुझीच,
ताई

ता. क. गुडघे जिना चढू देत नाहीत, म्हणून तळमजल्यावरच्या दोन खोल्या घेतल्या आहेत. सामान मावणार नाही. तेव्हा नीट वाच.

लय धरायचा मेट्रोनोम भिंगरीला. तिची लय पळते, मी बोलले नव्हते. स्वरलिपीची पुस्तकंही तिलाच. माझ्या पेन्सिलीच्या खुणा आधी खोडून टाक, तिच्या तिला करू देत. बक्षिसाचा चषक तुझ्या ‘यांना’ दे, दुकानात चष्म्याचे स्क्रू ठेवायला. माझे नाचाचे काळे बूट शिंपीणबाईंच्या मुलीला, माप तिचंच आहे.

पियानो तुला. वाजवता येत नाही हे मला सांगू नकोस. पानं उलटायचीस म्हणजे वाचता येतं. डाव्या हाताने सुरुवात कर. स्टूल माझ्या उंचीचं आहे, फिरवून खाली घे. सुट्टीत भिंगरी आली की तिला पानं उलटायला उभी कर, आणि तिने दोन पानं एकदम उलटली, तर थांब आणि तिच्याकडे बघ.