सही तेवढी माझी

वालचंदनगर

पायलच्या बाबांना जयभीम.

आमी दोघी मायलेकी बऱ्या हाय. चार घरची धुणीभांडी उरकेपर्यंत पाठ धरती, पण तुमी काळजी करू नका. गावाकडं म्हशीची धार कोण काढतंय? आत्याबाईंचा गुडघा कसा हाय?

फोनवर तुमी ऐकूनच घेत न्हाय, म्हणून हे पत्र.

रविवारी पायलला बघायला पाहुणे बोलवू नका. पोरगी अजून नववीत हाय. तिच्या शाळेत आयांचा लिहायवाचायचा वर्ग भरतो. अठराच्या आधी लेकीचं लगीन करणार न्हाय, असं लिहिलेल्या कागदावर मी तितं सही केली. जन्मात पहिल्यांदा अंगठा न्हाय लावला. पंधराव्या वर्षी माझं लगीन झालं, तवा मला कुणी इचारलं न्हवतं.

हे सगळं पायलच्या हातनं लिहून घेतलंय. पाहुण्यांचं लिहिताना ती थांबली हुती. खालची सही माझी हाय. ती खोटी पाडू नका.

तुमची
सुजाता