घटस्फोटांच्या पुस्तकात नसलेलं नाव

४ मार्च

सापडलं नाही. ही तिसरी खेप. यांच्या पहिल्या लग्नापासून आमच्या लग्नापर्यंतची तीन वर्षं — घटस्फोटांच्या नोंदींची पुस्तकं पान न् पान चाळली. यांच्या आडनावाखाली तिचं नाव कुठेच नाही.

थोरलीने वंशवृक्ष करायला घेतलाय. टेबलाएवढा कागद, पेन्सिलीचे चौकोन. "आई, बाबांच्या पहिल्या लग्नाच्या घटस्फोटाची तारीख तेवढी आण ना. तू रिकामीच असतेस." रिकामी! हे जाऊन चौदा महिने झाले. रिकामी आहे खरी.

९ मार्च

रेकॉर्डच्या खोलीतला कारकून आज चहाला उठता उठता म्हणाला, "आजी, नोंद नाही म्हणजे घटस्फोट नाही. सरळ आहे." आणि गेला. त्याचा चहा होईपर्यंत मी तिथेच बसून होते.

घटस्फोट नाही, तर ते लग्न टिकूनच होतं. मग मी कोण? एकेचाळीस वर्षं, तीन मुलं. यांना नेलं त्या दिवशी सगळ्यांत पुढे मी उभी होते, बायको म्हणून.

थोरलीला सांगितलं नाही. ती पेन्सिल घेऊन विचारेल — मग तुझा चौकोन कुठे ठेवू?

१० मार्च

स्वयंपाक केला. जेवले नाही.

१५ मार्च

आज सगळं आठवत बसले. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी शेजारणीने कपडे वाळत घालताना सांगितलं होतं, "तुमच्या यजमानांचं आधी एक झालेलं, माहीत आहे ना?" मला माहीत नव्हतं. संध्याकाळी विचारलं. हे म्हणाले, "ते लग्न झालंच नव्हतं."

"मग जेवून गेलेली माणसं काय भुतं होती?"

हे हसले. मी नाही हसले.

त्यानंतर ते एक हत्यारच मिळालं मला. हे भाजी आणायला विसरले, पाहुण्यांसमोर उलट बोलले, की मी काढायचे, "तुमचं काय, तुमची तर लग्नंसुद्धा होत नाहीत." मी यांना खोटारडे म्हणाले, मुलांसमोर म्हणाले. हा माणूस आयुष्यभर दुकानांतली वजनं तपासत फिरला, कुणाला चिमूटभर सोडलं नाही. त्याला मी खोटारडे म्हणाले.

यांचं ऑपरेशन झाल्यावर एकदा म्हणाले होते, "बस जरा. ते सगळं सांगतो तुला." मी म्हटलं, दूध उतू जाईल. गॅसवर दूध नव्हतं. स्वयंपाकघरात जाऊन नुसती ओट्याला टेकून उभी राहिले. बाहेर आले तेव्हा त्यांनी डोळे मिटले होते.

२२ मार्च

वाचनालयात एक निवृत्त वकील येतात, सगळी वर्तमानपत्रं संपवल्याशिवाय उठत नाहीत. त्यांना विचारलं. माझ्या एका मैत्रिणीचं आहे म्हटलं.

"तुमची मैत्रीण चुकीच्या कपाटात शोधतेय," म्हणाले. "घटस्फोट म्हणजे लग्न होतं आणि अमुक तारखेला संपलं. विवाह रद्द होणं वेगळं. तिथे कोर्ट म्हणतं, कायद्याच्या लेखी हे लग्न झालंच नाही, अगदी पहिल्या दिवसापासून. जे झालंच नाही ते घटस्फोटांच्या पुस्तकात कसं येईल? त्याची यादी निराळी. बाईसुद्धा कागदावर पुन्हा अविवाहित, माहेरच्या नावाने. घराण्याचा शोध घेणारे हमखास इथेच अडकतात."

माहेरच्या नावाने! मी तिला इतके दिवस यांच्या आडनावाखाली शोधत होते.

२९ मार्च

सापडली. माहेरच्या नावाखाली एक ओळ, पतीच्या रकान्यात यांचं नाव. विवाह रद्द. पुढे तारीख. हायसं वाटलं ते तारीख वाचेपर्यंतच — आमच्या लग्नानंतर आठ महिन्यांची.

तशीच वाचनालयात गेले. वकिलांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "तुमची मैत्रीण फार धावते बुवा." मग नीट ऐकून घेतलं. "घटस्फोट असता तर ही तारीख वाईट होती. दुसरं लग्न बाद झालं असतं. पण हे रद्द झालंय. त्या वेळच्या कायद्याने ते मागपासून पुसलं गेलं. पहिलं नव्हतंच, म्हणून दुसरं पक्कं." वर्तमानपत्र परत उचलत म्हणाले, "मैत्रिणीला पाणी देऊ का?"

प्यायले.

३० मार्च

म्हणजे हे खरंच बोलले होते. ते लग्न झालंच नव्हतं. वकील बोलले तेच, त्याच शब्दांत. मला उत्तर मिळालं होतं, मी ते चाळीस वर्षं टोमण्यासाठी वापरलं.

रागही येतो. निकाल लागायच्या आधी लग्न केलंत कसं? पण हे म्हणत होते, वर्षभर थांबू या. माझे वडील आजारी, त्यांना घाई. मला वाटलं, यांचं मन नाही. मीच रडून तारीख काढायला लावली. कारण तेव्हाही विचारलं नाही.

थोरलीला सांगितलं. "म्हणजे तो चौकोन खोडू?"

"राहू दे. घटस्फोट लिहू नकोस. रद्द लिही."

"पण कशासाठी रद्द झालं?"

निकालाच्या नकलेसाठी अर्ज केला आहे.

११ एप्रिल

नक्कल आली. अर्ज तिचा. कारण — पती शरीरसंबंधास कायमचा असमर्थ. पतीस हे मान्य. खाली यांची सही, शेवटच्या अक्षराला तीच लांब रेघ. ती अविवाहित म्हणून सुटावी एवढ्यासाठी यांनी हे मान्य केलं असणार. दुसरा अर्थच लागत नाही.

सहीची तारीख पुन्हा पुन्हा पाहिली. तेव्हा मला पाचवा महिना होता. थोरली नुकतीच पोटात हलायला लागली होती.