वायरचं दुसरं टोक

प्रिय रूपेश,

सप्रेम जय भीम. तू फोन उचलत नाहीस, मेसेज पाठवले तर तेही न वाचलेले तसेच पडून आहेत, म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून ते बाजूला टाकू नकोस. तुझा राग मला ठाऊक आहे आणि तो उगाच नाही. तरी शेवटपर्यंत वाच, एवढंच मागते.

परतीच्या पावसात आपल्याकडे वीज पडली, माझ्या कंप्युटरचं नेट गेलं आणि तुझी आई जरा घाबरली, असं मी तेव्हा तुला फोनवर सांगितलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. पण जे झालं त्यातलं ते जवळजवळ काहीच नव्हतं.

त्या दिवशी दुपार कलली होती. भात कापायला आलेला, म्हणून बाबा शेतावरून बांध बघून नुकतेच आले होते. मी नेहमीसारखी दवाखान्याची बिलं टाइप करत बसले होते. सिद्धगडाच्या बाजूने आभाळ भरून आलं आणि गडगडायला लागलं, तसं मी कंप्युटर बंद करून बोर्डातला प्लग काढला. मागची नेटची वायर काढणार, तेवढ्यात वीज पडली. आवाज असा आलाच नाही रे. अंगावर फटका बसावा तसं झालं. डोळ्यांपुढे नुसतं पांढरं. तुमच्या आणि आमच्या घरांमधला तो ताड शेंड्यापासून बुंध्यापर्यंत चिरला होता आणि भर पावसात त्यातून धूर निघत होता. बाबा ओटीवर भिंतीला धरून उभे होते, आणि मी वेड्यासारखी हसत होते. का हसत होते ते मला अजून कळलेलं नाही.

पाऊस ओसरला, गेलेली लाइट परत आली. मी भीत भीत कंप्युटर लावला. तो चालू झाला तेव्हा किती बरं वाटलं म्हणून सांगू. पण नेटच्या चित्रावर फुली. बिलं त्याच दिवशी पाठवायची होती. तुला फोन लावायला गेले तर मोबाइलला रेंज नाही. मग तू शिकवलं होतंस ते एकेक करत गेले. कंप्युटरच्या मागे वायर घुसते तिथला दिवा पाहिला, तो मेलेला. वायर काढून टक् असा आवाज येईपर्यंत पुन्हा बसवली, तरी नाही. बंद करून परत लावला, तरी नाही. तू म्हणायचास ना, ताई, आपल्याकडे सगळं करून झालं की दुसऱ्या टोकाला जाऊन बघ. दुसरं टोक तुमच्या घरात. रस्त्यावरची लाइन तुमच्या घरापर्यंतच आली, म्हणून हैदराबादला जाण्याआधी तूच तिथल्या नेटच्या डबीपासून आमच्या खिडकीपर्यंत अंगणावरून ही वायर ओढून दिली होतीस. मी ओटीवरूनच हाक मारली, "काकी गो, डबीचे दिवे लागलेत का बघ!" उत्तर नाही. पुन्हा मारली. खरं सांगते, मला रागच आला. काम अडलंय आणि ही कुठे गेली, असं पुटपुटत चिखल तुडवत गेले.

काकी डबीखाली भिंतीशी पडली होती.

तिच्या उजव्या मुठीत वायर होती. टोकाचं प्लास्टिक वितळून काळं झालेलं. कपाळावरचे केस करपलेले, आणि दंडावर नेच्याच्या पानासारखी लाल रेषांची जाळी उठलेली. डोळे अर्धे उघडे, पण ती कुठेच बघत नव्हती. नाकाशी हात धरला तर श्वास अगदी बारीक, आणि माझ्या हाताशीच तोही थांबला. विजा चमकायला लागल्या की डबीची वायर काढून ठेव, नाहीतर ताईचा कंप्युटर जळेल, असं तू तिला सांगून ठेवलं होतंस. ती तेच करायला उठली होती. यात तुझा दोष शोधू नकोस. मीही माझा पुष्कळ शोधला, त्याने काही हाती लागत नाही.

बाबा मागून आले आणि ओरडले, "रत्ना, हात नको लावू! तिच्या अंगात करंट असंल!" मी हात लावला. गडावर येणाऱ्या पोरांचे अपघात व्हायचे, म्हणून मागे एका संस्थेने गावात प्रथमोपचाराचं शिबिर घेतलं होतं, तुला आठवत असेल. तिथे रबराच्या बाहुलीची छाती दाबताना आम्ही बायका तोंडाला पदर लावून हसलो होतो. तीच मी तुझ्या आईची छाती दाबत होते. ती किती लहान आहे रे! लुगड्याच्या आत नुसती हाडं. एक बरगडी माझ्या हाताखाली मोडली, तो आवाज मी ऐकला आणि तरी थांबले नाही. तोंडाने श्वास भरत होते, पुन्हा दाबत होते. बाबा दाराशी उभे राहून बुद्धवंदना म्हणायला लागले, मध्येच शब्द चुकले, पुन्हा पहिल्यापासून लागले. माझे हात उचलेनासे झाले तेव्हा काकी खोकली. नुसती खोकली. मी तिथेच जमिनीवर बसले आणि माझे दात वाजायला लागले.

शेजारच्या कान्हाने पिकअप काढली. मुरबाडला नेलं, तिथून ठाण्याला. तू फोन केलास तेव्हा मी म्हणाले, घाबरली म्हणून सलाइन लावलंय. ते असं होतं.

दुसऱ्या दिवशी तिला नीट शुद्ध आली. मी, बाबा, कान्हाची आई हिराबाई, आम्ही सगळे एकदमच बोलायला लागलो. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुमी सगळी गप का गो? बोला ना काय तरी." तिच्या पाठीमागे नर्सच्या हातून ताट पडलं, सगळा वॉर्ड दचकला. काकीने मान वळवली नाही. मी तिला जोरात हाक मारली, मग आणखी जोरात. तेव्हा तिने स्वतःच्या कानांना हात लावून पाहिले, आणि तिचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येत नाही.

डॉक्टर म्हणाले, कानाचे पडदे फाटलेत ते भरतील, पण आतली नसच गेली आहे. मशीन लावून कितपत येईल ते पुढे बघू, आशा फार ठेवू नका. मी पाटी आणली आणि तिला लिहून दाखवलं. चौथीपर्यंत शिकलेल्या तुझ्या आईने एकेक अक्षरावर बोट ठेवून वाचलं. रडली नाही. पहिलं वाक्य बोलली ते असं, "रूपेशला सांगू नको. सारिकाला दिवस गेलेत, डॉक्टरनी तिला पडून रहायला सांगितलाय. हा पोरगा तिला एकटी टाकून धावत येल. बाळ घरी येऊ दे, मग सांगू." मी वाद घातला, पाटी भरभरून लिहिलं. तिने पाटी पुसून टाकली आणि डोळे मिटून घेतले. डोळे मिटले की तिच्याशी बोलायचा रस्ताच बंद, हे तिला तेवढ्यात कळलं होतं.

त्यानंतर तू जेव्हा जेव्हा बोललास तेव्हा मी समोर बसलेली असायचे. फोन स्पीकरवर. तू काय म्हणतोस ते मी पाटीवर दोन शब्दांत लिहायचे. थंडी, पगार, सारिकाच्या उलट्या. ती वाचून बोलायची. वेळ पुरला नाही की मी नुसती मान हलवायचे आणि ती म्हणायची, "बरं झालं." तू एकदा हसत म्हणालास, "आई, हल्ली तू विचार करून बोलतेस." मी ते पाटीवर लिहिलं आणि आम्ही दोघी हसलो. तेव्हा मला वाटलं, जमेल. बाळ येईपर्यंत एवढं रेटून नेऊ.

इकडे माझं नेट बंदच होतं. कंपनीच्या माणसाने तुमच्या घरची डबी बदलून दिली, नवी वायर टाकली, तरी माझ्या कंप्युटरचा दिवा लागेना. तीच वायर कान्हाच्या लॅपटॉपला लावली तर लगेच चालू. म्हणजे कंप्युटरमध्ये वायर घुसते ती जागाच जळाली होती. बाकी सगळा धड, तेवढीच गेलेली. दुसऱ्या भोकाला लावायची एक छोटी जोडणी मिळते म्हणे. मुरबाडला मिळाली नाही, म्हणून मी शहापूरला गेले. मिळाली, आणली, लावली. दिवा लागला. मी ओरडतच काकीकडे गेले, ऐकू येणार नाही हे विसरून.

ती ओटीवर माझी वाट बघत बसली होती. चेहरा नुसता फुललेला. म्हणाली, "रूपेशचा फोन आलता. फोटो दिसला, मग मीच उचलला. एकटी बोलली मी! जेवलास का विचारला, सारिकाला जप सांगितला. तो बोलत होता तशी मदी मदी बरं झालं, चांगलं झालं म्हटला. त्याला काय समजला पण नाय." मी तिला शाबासकी दिली रे. पाठीवर थाप मारली.

संध्याकाळी सारिकाचा फोन आला. ती इतकी रडत होती की मला आधी काही कळेना. तुमचं बाळ गेलं. तू आईला फोन करून ते सांगितलंस, आणि आई म्हणाली, बरं झालं. तू पुन्हा सांगितलंस, आई म्हणाली, चांगलं झालं. मी काही बोलायच्या आत सारिकाने फोन ठेवला, आणि तेव्हापासून तुम्ही दोघंही फोन उचलत नाही. रूपेश, तुझ्या आईने तुझा एक शब्दही ऐकलेला नाही. बाळ गेलं हे तिला आजही माहीत नाही. मी सांगायला गेले. पाटीवर 'सारिकाचं' एवढं लिहिलं आणि पुढे खडू चालेना. तिने पाटी ओढून घेतली, अक्षरांवर बोट ठेवून वाचलं आणि विचारलं, "काय झाला सारिकाचा?" मी ते पुसलं आणि लिहिलं, 'सारिका बरी आहे.' माझ्याने होत नाही, म्हणून हे पत्र. सारिकाला प्रवास झेपायला लागला की दोघं या, आईसमोर बसा, आणि तिला तुम्हीच सांगा. ती रोज मला विचारते, रूपेशचा फोन का नाय. घंटा ऐकू येत नाही, म्हणून हल्ली ती दिवसभर फोन मांडीवर घेऊन बसते आणि त्याच्याकडे बघत राहते. तुझा फोटो उमटला आणि तिचं लक्ष नसलं, असं व्हायला नको म्हणून.

तुझीच,
रत्नाताई