दांडी आणि दोऱ्या

१ फेब्रु. ९८, रवि.
धूलकोटकडची टेकडी. मुग्धाच्या पॅराग्लायडरवर माझं तिसरं उड्डाण. चौदा वर्षं हँग ग्लायडर उडवला, आता खांदा ते धूड उचलू देत नाही, म्हणून पोरीची शिकवणी. हिमाचलात दोन महिने काढून आली नि बापाला धडे देते. तिचं यंत्र म्हणजे पिशवीत मावणारं कापड नि दोऱ्या. हवेनं फुगलं तर पंख, नाहीतर चादर. माझ्या ग्लायडरला ॲल्युमिनियमची हाडं आहेत, खडबडीत हवेतही मिटत नाही. असं म्हटलं की तिचं ठरलेलं, "पप्पा, माझं मिटलं तरी वापस उघडतं. तुमचं उलटलं की खतम." खरं आहे. शिवाय उतरायला तिचंच सोपं. दोन केळीबागांमधल्या पट्टीत अलगद टेकते. मला अख्खं वावर लागतं. मान्य करायला जड जातं, बस.

८ फेब्रु., रवि.
पडलो. काशिनाथभाऊंच्या केळीत. खोडांनी झेललं म्हणून हे लिहितोय. घोटा सुजलाय, बाकी धड. मुग्धा टेकडीवर होती. शेवरीच्या कुंपणाआड माझा शेवट तिला दिसला नाही. धावत आली, रडवेली. काय झालं विचारलं. म्हटलं, "झोत आला. तुझं कापड मिटलं."
काशिनाथभाऊ तिथंच केळीला पाणी देत होते. ती दोऱ्या सोडवायला गेली तेव्हा हळूच म्हणाले, "मास्तर, वारा कुठं व्हता? माह्या केळीचं पान हाललं नाही. तुमचं छत्र हवेत उभंच ऱ्हायलं नि मंग खाली आलं."
मी घोटा चोळत राहिलो.

१० फेब्रु., मंगळ.
शाळेला रजा. सुनंदा नवऱ्याच्या घोट्याला हळदीचा लेप लावता लावता बोलतेय, ते ऐकून घेतोय.
खरं काय ते इथं तरी लिहावं. शेवरी जवळ आली, उंची कमी पडेल असं वाटलं, भ्यालो. आणि दोन्ही हात छातीशी ओढले. चौदा वर्षं भ्यालो की हेच केलंय. हँ.ग्ला.ची दांडी छातीशी ओढली की नाक खाली, वेग वाढतो, ताबा येतो. पण पॅ.ग्ला.त हातात दांडी नसते, ब्रेकच्या दोऱ्या असतात. त्या ओढल्या की वेग मरतो. मी मारला. कापडाचा काही दोष नाही. मुलांना फिजिक्स शिकवतो आणि पोरीशी खोटं बोललो. लाज वाटते.

१२ फेब्रु., गुरु.
जेवताना मुग्धा म्हणाली, "आता मला त्या कापडावर भरोसा नाही राहिला. तुम्हाला खाली फेकलं त्यानं. संडेला तुमचा हँग ग्लायडर शिकवा. आधी अर्ध्या उतारावरून." सुनंदा माझ्याकडे बघायला लागली. मी होकाराची मान हलवली. का हलवली?

१३ फेब्रु., शुक्र.
कापसाच्या शेडमधल्या लोखंडी तुळईला पट्टा बांधून मुग्धाला हँ.ग्ला.वर लटकतात तशी पालथी टांगली. केळीला टेकू देतात तो बांबू दांडी म्हणून समोर आडवा बांधला. "वेग हवा तर ओढ, कमी हवा तर ढकल." भराभर जमलं, हुशार आहे. मग न सांगता पट्ट्याला मागून हिसका दिला. तिचे हात सरळ पुढे गेले, लांब. पॅ.ग्ला.त तेच शिकवतात, घाबरलात तर हात वर सोडा, पंख स्वतः सावरतो. पालथ्या माणसाचं वर म्हणजे पुढे. माझ्या ग्लायडरवर त्याचा अर्थ दांडी ढकलणं, नाक वर, वेग खलास.
पुन्हा हिसका. पुन्हा पुढे. सहा वेळा दिला, सहाही वेळा. ती हसत होती. "प्रॅक्टिस होऊ द्या ना, संडेपर्यंत बसेल."
माझ्या हातांना चौदा वर्षांत जे वळण बसलं ते चार उड्डाणांत नाही निघालं. तिचं दोन दिवसांत निघेल?

१४ फेब्रु., शनि.
सांगितलं. शेडमध्येच, ती टांगलेली असताना. झोत नव्हता, हात माझे चुकले, तुझेही तसेच चुकतील, फक्त उलट दिशेनं. आधी उतरली. पट्टा गुंडाळला. मग म्हणाली, "म्हणजे हप्ताभर मी माझ्याच पंखाला घाबरत होते, तुम्ही बघत होता." मी उद्या नको म्हटलं. "आता हे तरी खरं आहे का, की मला रोखायला?"
जेवायला बसली नाही.

१५ फेब्रु., रवि.
सकाळी बघतो तर जीपच्या टपावर हँ.ग्ला. बांधलेला, मागे तिची पिशवीही. शेजारचा ड्रायव्हर बरोबर. कोणतं उडवणार विचारलं. "वर गेल्यावर बघते." रेडिओ पुढे केला तर घेतला नाही. "वर मला तुमचा आवाज नको, पप्पा." चावी काढून घेता आली असती. हात पुढे झाला नाही.

साडेआठ. काशिनाथभाऊंच्या बांधावर बसून लिहितोय. टेकडीच्या माथ्यावर काहीतरी पसरलंय. ऊन डोळ्यांवर, नीट दिसत नाही. काशिनाथभाऊ शेजारी येऊन उभे राहिले. "कोनतं आनलं पोरीनं?"
"दोन्ही."
त्यांनी डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं. केळीची पानं हलायला लागलीत. मघापासून मी दोन्ही हात छातीशी धरून बसलो होतो, आत्ता पुन्हा लिहायला घेतलं तेव्हा कळलं. ती धावतेय