गिरणीची तुळई

४ डिसेंबर

आलो एकदाचा. घर टेकाडावर, ऐसपैस, माणसं मोकळी. म्हातारे मालक आणि त्यांची विधवा सून, दोघंच राहतात. सूनबाईंनी दिलेली खाट इतकी मऊ, की माझी पाठ उद्या तक्रार करणार. काम मनासारखं आहे: बैठकीतल्या शेकोटीभोवती लाकडी चौकट आणि वर रुंद फळी. लाकूड त्यांच्याच जळालेल्या गिरणीतल्या तुळईचं. आगीत सगळं खाक झालं, हिला झळसुद्धा लागली नाही. बायकोला फोनवर म्हटलं, असं लाकूड नशिबानेच हाती लागतं. आमच्या लेकीने, चिमणीने, खाऊ काय आणणार ते विचारून घेतलं.

६ डिसेंबर

जुने खिळे उपटले, रंधा मारला. आतून मधाच्या रंगाचं लाकूड निघालं. त्यावरून हात फिरवला की बोटं बधिर होतात. थंडी असेल. चहा देताना सूनबाईंनी आपणहून सांगितलं, की त्यांचे यजमान याच तुळईखाली सापडले. अंगभर भाजलेले, पण शेवटपर्यंत म्हणत होते, काही दुखत नाही. बाजारातून काय आणायचं ते सांगावं, तशा सुरात त्या बोलल्या. म्हातारे चहात बिस्कीट बुडवत होते.

९ डिसेंबर

लाकूड कोरताना पटाशी तळहातात घुसली. लाकडावर लाल दिसलं तेव्हा कळलं.

चिमणी तापाने फणफणली आहे, असं बायको सांगत होती. मी बरं म्हणालो. काळजी वाटायला हवी होती. वाटेल म्हणून फोन ठेवल्यावरही तसाच बसून राहिलो.

१२ डिसेंबर

चौकट बसवली. शेकोटी पेटवली. म्हाताऱ्यांनी पेटता ओंडका हातानेच आत सरकवला. वास आला. सूनबाईंनी त्यांच्या हाताकडे पाहिलं आणि पुन्हा विणायला लागल्या.

इथून निघायला हवं. पिशवी भरली. जाता जाता फळीवर एकदा हात फिरवला.

राहिलो.

१४ डिसेंबर

माझी दोन बोटं काळी पडली आहेत. आज तिघं दिवसभर शेकोटीपाशी. बरं वाटतं— बरं नाही, काहीच वाटत नाही.

१५ डिसेंबर

बायको आली, चिमणीला घेऊन. मी फोन उचलत नव्हतो म्हणे. माझा हात बघून रडायला लागली. "आधी चला इथून," म्हणाली. मी तिचा तळहात धरून फळीवर टेकवला.

रडणं थांबलं. "किती गुळगुळीत झालंय," म्हणाली. बसली.

चिमणी दारातच— आत येत नाही. तिची आई हाक मारते. मी शेजारी जागा केली. चिमणी माझ्या पायांकडे बघते आणि किंचाळते. ऐकू येतं, पण—

पळाली. बाहेर गारठा, अंगात स्वेटर नाही. कुणीतरी मागे जायला हवं. आम्ही चौघं बसलोय. मी उठतो. उठायला—

पाय शेकोटीत आहेत. कधी—