उजवा कौल

अण्णा, तुम्ही गेलात तेव्हा मी रडले नव्हते. चाळीतल्या बायकांना ते खटकलं होतं. आज इतक्या वर्षांनी लिहायला बसलेय तेही रडायला नाही, भांडायला.

गिरगावातल्या आपल्या गॅलरीत तुम्ही पोरांना जमवून ट्रॉयच्या युद्धाच्या गोष्टी सांगायचात. शाळेत इतिहास शिकवायचात, पण खरा रंग चढायचा तो इथे. मानापमानावरून एक वीर तंबूत रुसून बसलाय, तिकडे त्याचीच माणसं मरताहेत, आणि वरून देव आपापल्या लाडक्यांसाठी लुडबुड करताहेत. मग तुम्ही हसायचात. "अहंकार माणसांचा आणि नाव देवांचं. भारी लबाड लोक." वारं पडलं म्हणून पोटच्या मुलीचा बळी देणाऱ्या राजाची गोष्ट सांगताना तर तुम्ही मला जवळ ओढून घ्यायचात. माझ्या वडिलांसारखं शहाणं कुणी नाही, असं मला तेव्हा वाटायचं.

मग संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलं. मोर्चात मीही होते, घसा बसेपर्यंत ओरडले. गोळीबारात माणसं मेली, तुमचा संताप खोटा नव्हता. पण समोरच्या बिऱ्हाडातल्या गुजराती मुलाशी मला लग्न करायचंय, असं मी सांगितलं आणि तुम्ही स्वतःच तंबूत शिरलात. कितीतरी दिवस अबोला. मग एका सकाळी आंघोळ करून म्हणालात, "देवीला कौल लावू. ती म्हणेल ते."

कोकणातली आपली रीत. पितळी मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर तुम्ही कण्हेरीची एकेक ओली पाकळी चिकटवलीत. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आई, तुम्ही आणि मी मूर्तीसमोर बसलोय. एक पाकळी पडते.

"डावी," तुम्ही म्हणालात.

आई हळूच म्हणाली, "अहो, आपल्या डावीकडची म्हणजे देवीची उजवी. कौल देवीच्या अंगानं बघतात."

"मला शिकवू नकोस. देवीच नको म्हणतेय, माझ्या हातात काय आहे?"

कोकणातलं शेंबडं पोरही ही चूक करणार नाही. तुम्ही केलीत, कारण देव्हाऱ्यापुढे बसूनही तुम्हाला उजवं-डावं दिसलं ते स्वतःचंच. त्या ग्रीकांनी निदान आपल्या देवांना बोलू तरी दिलं.

मुंबई मिळाली तेव्हा समोरच्या त्याच बिऱ्हाडात तुम्ही पेढे घेऊन गेलात. त्याच्या वडिलांनी तुम्हाला मिठी मारली म्हणे. तोवर मी दादरला, तुम्ही शोधलेल्या घरात पोळ्या लाटत होते. नवरा वाईट नव्हता. त्याबद्दल मला काही लिहायचं नाही.

एक मात्र लिहिते. कौलानंतर, माझं लग्न व्हायच्या आधी, एका दुपारी समोरच्या बिऱ्हाडातला तो चर्नी रोडला माझी वाट बघत उभा होता. दाराला कडी लावलेली नव्हती, आई मुद्दाम शेजारी जाऊन बसली होती. पिशवी हातात घेऊन मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही आरामखुर्चीत तोंड उघडं टाकून झोपला होतात. मी गेले तर उद्या चाळीत तुमची मान खाली जाईल, आणि ते मला बघवणार नाही, एवढंच मनात आलं. पिशवी खाली ठेवली. भीतीनं नाही, अण्णा. तुमच्यावर माझा जीव होता, आणि राग येतो तो याचाच. तुम्ही गेल्यावरही हे तुम्हाला कळू द्यायचं नाही, म्हणून कागद फाडते.